तर्रीचा उपास

भिवापूर तालुक्यात कोणाच्या पोटात दुखायला लागलं आणि तिथल्या डॉक्टरांनी "नागपूरला दाखवून घ्या" असं म्हटलं, की तो माणूस धंतोलीतल्या दवाखान्यात नंतर जायचा, आधी वामनरावांच्या घरी जायचा. वामनराव मूळचे तिकडचेच. जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झाले होते, आणि घर असं होतं की धंतोली पायी गाठता येई. कुठला डॉक्टर बोलका, कुठला तोंड न उघडणारा, कुठल्या दवाखान्याची लिफ्ट कायम बंद, कुठल्या कॅन्टीनचा चहा पाणचट, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पेशंटबरोबर ते स्वतः जात, फाईल काखेत धरत आणि डॉक्टरांच्या आधी खुर्चीवर बसत.

"धंतोलीत यांनी सगळं केलं," त्यांच्या पत्नी रंभाबाई म्हणायच्या, "फक्त कोणाचं पोट कापायचं तेवढं राहून गेलं."

वामनराव हसण्यावारी न्यायचे. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून रडकुंडीला आलेल्या माणसाच्या पाठीवर थाप मारावी, तर ती त्यांनीच. "ऑपरेशन म्हणजे काय गा? झोपणं अन् उठणं. तू काहून घाबरून राहिला? जा, चहा पिऊन ये." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकणारा चहा प्यायला जायचा आणि खरंच थोडा सावरून परत यायचा.

पण एका बाबतीत त्यांच्यासारखा कडक माणूस नव्हता. ऑपरेशनच्या आधीचा उपास. डॉक्टरांनी वेळ दिली की त्यानंतर पेशंटच्या तोंडात तिळाएवढं काही जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी ते कॉटशेजारी स्टूल टाकून बसत. नत्थूजींच्या पित्ताच्या खड्यांच्या वेळची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत होती. नत्थूजी म्हणजे भिवापूरचे मिरचीवाले शेतकरी, मोठे मिश्कील. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून तिळाचा लाडू काढला आणि तोंडाशी नेला, तोच वामनरावांनी मनगट पकडलं.

"भाऊ, पोटात खडे घेऊन आलो ते चालते, अन् लाडू घेऊन गेलो तर चालत नाई, हा कोणता न्याय गा?" नत्थूजी कळवळून म्हणाले.

वामनरावांनी लाडू काढून घेतला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा धडा दिला. "आपल्या घशात दोन वाटा असतात. एक अन्नाची, एक श्वासाची. श्वासाच्या वाटेवर एक राखणदार बसला असते. घास आला की तो झाकण लावते. भूल दिली की माणसासंगं तो राखणदारही झोपते. मंग पोटातलं वर आलं, तर ते कोणत्या वाटेनं जाईन? तुहा लाडू तुहा जीव घेईन, नत्थू!"

त्यानंतर तो जप्त केलेला लाडू त्यांनी नत्थूजींच्या समोरच खाल्ला. नत्थूजींना खडे गेल्याचं सुख कमी आणि लाडू गेल्याचं दुःख जास्त झालं, असं ते अजून सांगत.

तर अशा या वामनरावांच्या घरी थंडीच्या सुरुवातीला एक मांजरीचं पिल्लू आलं.

आणलं नातीनं. काजल दहा वर्षांची. तिचे आईबाबा दोघंही मिहानमधल्या कंपन्यांत. पहाटेच जाणार, दिवेलागणीला येणार. दिवसभर काजलवर राज्य आजी आणि आबाजींचं, म्हणजे खरं तर त्या दोघांवर काजलचं. मैत्रिणीच्या गच्चीवर मांजरीला पिल्लं झाली आणि एक कुणीच नेईना, हे ऐकून काजलनं घरात चार दिवस तोंड फुगवलं. शेवटी वामनरावांनी तीन अटींवर परवानगी दिली. पिल्लू पलंगावर येणार नाही. माझ्या ताटातलं त्याला काही मिळणार नाही. आणि त्याचे लाड करायला मला कोणी सांगणार नाही.

पहिली अट पहिल्याच थंड रात्री गेली. दुसरी सायीपायी गेली. तिसरी मात्र शेवटपर्यंत टिकली, कारण लाड करायला वामनरावांना कधी सांगावंच लागलं नाही. नावही त्यांनीच ठेवलं. पिल्लू पांढरं होतं आणि पाठीवर केशरी लाल डाग असा पसरलेला, की कोणी पोह्याच्या प्लेटवर वाढताना तर्रीची पळी कलंडवली असावी. "तर्री!" वामनराव म्हणाले, आणि पिल्लानं मान वर केली. झालं, बारसं आटोपलं.

तर्री खेळायची, पेपरवर बसायची, वामनरावांना हेडलाईनच्या पुढे वाचू द्यायची नाही. तिचं पोट थोडं गोल दिसायला लागलं, तेव्हा ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवत. "खात्यापित्या घरची हाये."

"एकाच बाजूनं खाते वाटते," रंभाबाई एकदा म्हणाल्या. पोट खरंच डावीकडे जास्त होतं. पण वामनरावांनी ते मनावर घेतलं नाही. नव्या पाहुण्याच्या पोटाला माप लावू नये, असं त्यांचं मत.

मग एका आठवड्यात तर्रीनं खेळणं सोडलं. वाटीशी जायची, वास घ्यायची आणि परत फिरायची. साय बोटावर धरली तरी तोंड फिरवायची. एकदा उलटी झाली, मग दुसऱ्यांदा. काजलनं दप्तर टाकून दिलं आणि रडायला बसली. वामनरावांनी पिल्लाला टोपलीत घातलं आणि रंभाबाईंसह तिघं धरमपेठेतल्या प्राण्यांच्या डॉक्टर मिनल यांच्याकडे गेली. मिनल तरुण होत्या, हात हलका होता आणि बोलणं स्पष्ट.

त्यांनी पोट चाचपलं आणि त्या गप्प झाल्या. वामनरावांना धंतोलीचा अनुभव दांडगा. डॉक्टर चाचपता चाचपता गप्प झाला, की त्याचा अर्थ काय असतो, हे त्यांना कळायचं.

सोनोग्राफी झाली. मिनल यांनी काजललाच जवळ घेऊन पडदा दाखवला. "हे बघ. किडनी म्हणजे गाळणी. रक्तातली घाण गाळते, आणि ते पाणी एका बारीक नळीतून खाली जातं. तर्रीची डावी नळी जन्मापासूनच बंद आहे. पाणी गाळलं जातंय, पण जायला वाट नाही. म्हणून किडनी फुग्यासारखी फुगली. आता ती गाळणीही राहिली नाही, नुसता फुगा झालाय. तो काढावा लागेल."

"मग गाळेल कोण?" काजलनं विचारलं.

"उजवी. रक्त तपासलं, ती चांगली आहे. दोघींचं काम एकटी करेल."

"आमच्या घरी तसंच हाये," रंभाबाई म्हणाल्या. "एक करते, अन् एक पेपर वाचते."

एरवी वामनरावांनी यावर काहीतरी ठेवणीतलं उत्तर दिलं असतं. आज ते फक्त टोपलीकडे बघत होते. "डॉक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "एवढ्याशा जिवाले... जमते काय हे?"

"जमतं. पण खोटं सांगणार नाही, लहान आहे. किडनी काढणं अवघड नाही. हिला भूल देणं आणि त्यातून नीट उठवणं, तिथंच खरी काळजी आहे. न काढून मात्र चालणार नाही. दोन दिवस सलाईन देऊ, उलट्या थांबवू, मग गुरुवारी अकराला करू."

घरी आल्यावर रंभाबाईंनी चहा पुढे केला. "घ्या. ऑपरेशन म्हणजे काय? झोपणं अन् उठणं. तुम्ही काहून घाबरून राहिले?"

"हे वेगळं हाये," वामनराव म्हणाले.

"काहून? त्या लोकायचे जीव स्वस्तातले होते काय?"

वामनराव चहा तसाच ठेवून बाहेर पडले. एका डॉक्टरच्या शब्दावर त्यांनी आजवर कुणाला कापू दिलं नव्हतं. दुसरं मत घ्यायचंच, हा त्यांचा नियम. पाय सवयीनं धंतोलीकडे वळले आणि एका मोठ्या किडनीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन थांबले. तिथं नंबर लिहायला बसणाऱ्या सिंधूताई त्यांना चांगल्या ओळखायच्या.

"या भाऊ! कोणाले आणलं भिवापूरहून?"

"भिवापूरचं नाई. या वेळेस घरचंच हाये."

"अरे देवा. वय?"

"पाच महिने."

सिंधूताईंचा हात छातीवर गेला. "एवढंसं लेकरू! नाव सांगा, भाऊ, मधात घालतो तुमचा नंबर."

"तर्री."

पेन थांबलं. सिंधूताईंनी चष्म्यावरून बघितलं. "भाऊ, तिले शेपटी हाये काय?"

"हाये," वामनराव खाली मान घालून म्हणाले.

"मंग जा घरी. आमच्या इथला बेड तिले मोठा पडन." मग त्यांचा चेहरा पाहून त्या नरमल्या. "डॉक्टरनं सांगतलं तसं करा. बाकीच्यायले तुम्ही हेच सांगत आले ना?"

सिंधूताईंची वहिनी भिवापूरची. संध्याकाळच्या आत बातमी तिकडे पोचली आणि फोन सुरू झाले. ज्यांच्या मुतखड्यांना, हर्नियांना आणि मोतीबिंदूंना वामनरावांनी धीर दिला होता, ते सगळे आता वामनरावांना धीर द्यायला लागले, आणि तेही त्यांच्याच शब्दांत. "झोपणं अन् उठणं, भाऊ!" "चहा घ्या, भाऊ!" चौथ्या फोननंतर वामनरावांनी मोबाईल उशीखाली ठेवला.

दोन दिवसांच्या सलाईननं आणि औषधांनी उलट्या थांबल्या. बुधवारी तर्री घरी आली. मिनल यांनी बजावून सांगितलं होतं, "एवढ्या लहान जिवाला रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. पहाटे उठून थोडं खाऊ घाला. सहा वाजल्यानंतर मात्र काही नाही. पाणी चालेल."

"ते माझ्यावर सोडा," वामनराव म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज पूर्वीसारखा भरदार झाला. हे काम त्यांचं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी काजलला समोर बसवलं आणि घशातल्या दोन वाटा समजावून सांगितल्या, अगदी हातांचे पंजे जोडून, झाकण कसं पडतं ते दाखवून. काजल हुशार. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे राखणदार झोपला तर आपणच आधी काळजी घ्यायची. हो ना?"

"बरोब्बर. म्हणून उद्या आपण राखणदार."

गुरुवारी पहाटे तर्रीला वाटी दिली. तिनं वास घेतला, दोनदा जीभ लावली आणि तोंड फिरवलं. सहा वाजले, वाटी उचलली गेली आणि वामनराव टोपलीपाशी खुर्ची टाकून बसले. हुकूम सुटले: दूध झाकून ठेवा. काजल, तू तुझा कप घेऊन आतल्या खोलीत जा. फ्रिज उघडू नका, तिला आवाज ओळखू येतो.

सातच्या सुमाराला फाटक वाजलं. नत्थूजी! हातात मिरच्यांची पिशवी, अंगात तीच बंडी. पहिल्या गाडीनं आले होते.

"तू काहून आला गा एवढ्या सकाळी?" वामनराव म्हणाले.

"तुम्ही माह्या ऑपरेशनले आलते. मी तुमच्या ऑपरेशनले नाई येणार काय?"

"ऑपरेशन माझं नाही!"

"तोंडाकडे पाहून तसं वाटून नाई राहिलं," नत्थूजी म्हणाले आणि टोपलीत डोकावले. "हे काय बाप्पा! एवढीशी? माहा खडा हिच्याहून मोठा होता."

पहारा आळीपाळीनं ठरला. वामनराव आंघोळीला गेले, तेव्हा रंभाबाई बसल्या. ते पूजेला बसले, तेव्हा काजल. ते कोपऱ्यावर ऑटो ठरवायला गेले, तेव्हा नत्थूजी. प्रत्येक वेळी परत आल्यावर वामनरावांनी दारातूनच विचारलं, "काही दिलं तर नाही?" आणि प्रत्येक वेळी मोठ्या तत्परतेनं उत्तर आलं, "छे!"

आता खरी गोष्ट सांगायला हवी. ती वामनरावांच्या स्वतःच्या पाळीत घडली. आंघोळीच्या आधी. रंभाबाई मागच्या अंगणात होत्या, काजल दात घासत होती, नत्थूजी हातपाय धुवायला गेले होते. तर्री टोपलीतून उठली. पाय थोडे लटपटत होते. ती वामनरावांच्या पायाशी आली, त्यांच्या पावलावर पुढचे दोन पंजे ठेवले, वर पाहिलं आणि म्हणाली, "म्यां."

दहा दिवसांत तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. बोटावरची साय नाकारणारी तर्री आज मागत होती. भूक लागली होती तिला! वामनराव तिच्यासमोर वाकले. ते म्हणाले, "नाही बरं, बाई." ती म्हणाली, "म्यां." ते म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय." तिनं ते ऐकूनही घेतलं नाही. मग वामनराव उठले. फक्त बोटाच्या टोकाएवढी साय द्यावी, म्हणून उठले. साय म्हणजे काही जेवण नव्हे. तिनं बोट चाटून स्वच्छ केलं, आणि इतक्या आशेनं पाहिलं, की पुढच्या अर्ध्या वाटी दुधाचं काय झालं, ते वामनरावांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तिच्या मिशा पुसल्या, वाटी धुतली आणि पुन्हा खुर्चीवर येऊन ताठ बसले.

साडेदहाला चौघं दवाखान्यात पोचली. बाकांवर आणखी दोनतीन लोक होते, एकाच्या मांडीवर पामेरियन कुत्रं, एकीच्या पिंजऱ्यात पोपट.

मिनल बाहेर आल्या. "सहानंतर काही दिलं नाही ना?"

"काय बोलता!" रंभाबाई म्हणाल्या. "साक्षात दरोगा बसला होता घरी."

"मला दूधसुद्धा आतल्या खोलीत प्यावं लागलं," काजल म्हणाली.

"डॉक्टरबाई, या माणसाले तुम्ही वळखत नाई," नत्थूजी बाकांवरच्या सगळ्यांकडे वळून म्हणाले. "यानं माह्या तोंडातला लाडू काढला होता! माह्या सख्ख्या भावानं नसता काढला!" आणि त्यांनी ती गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. पामेरियनवाला पुढे सरकून ऐकायला लागला.

वामनराव हसले. म्हणजे ओठ तसे केले. मिनल यांनी टोपली उचलली. टोपलीच्या फटीतून तर्रीचा एक पांढरा कान दिसत होता. दार बंद झालं.

"मंग हे म्हणते कसे," नत्थूजी सांगत होते, "घशात एक राखणदार बसला असते! भूल दिली की तोही झोपते! तुहा लाडू तुहा जीव घेईन!"

बाक हसला. काजलनं अभिमानानं आबाजींकडे पाहिलं आणि त्यांचा हात धरला.

अर्धी वाटी दूध, वामनराव मनात म्हणाले. तीन तास होऊन गेले. पचलं असेल. एवढंसं तर पोट. आणि नसेल पचलं तर? सगळ्या तालुक्यात ज्याच्या नावाचा पहारा, त्यानं दूध पाजलं? आणि तेही नत्थूसमोर सांगायचं? हा माणूस मरेपर्यंत सांगत सुटेल. मिरचीच्या पोत्यागणिक सांगेल. त्या दाराआड आता काय चाललं असेल? केस भादरत असतील. मग सुई. मग डोळे मिटतील. आणि मग राखणदार झोपेल.

त्यांनी काजलचा हात सोडला. नत्थूजींच्या गोष्टीत जप्त लाडू नेमका वामनरावांच्या तोंडाशी आला होता, तेवढ्यात खरे वामनराव दारापाशी पोचले आणि दोन्ही हातांनी दार वाजवायला लागले.

"डॉक्टर! थांबा! भूल देऊ नका!"

दार उघडलं. मिनल यांच्या हातात सुई होती, टोचायची राहिलेली.

"मी दूध पाजलं," वामनराव म्हणाले. आवाज फाटला. "सकाळी. सातनंतर. आधी साय. मग अर्धी वाटी. मागत होती हो ती. दहा दिवसांनी पहिल्यांदा मागत होती."

मागं नत्थूजींची गोष्ट थांबली. पोपटसुद्धा गप्प. वामनरावांनी वळून पाहिलं नाही. काजलचा चेहरा बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

"आबाजी," काजलचा आवाज आला. "तुम्ही?"

"हो. चुकलं माझं. तुला शिकवलं आणि मीच झोपलो."

मग काजल रडायला लागली. वामनराव तिच्याकडे वळले, तर ती हुंदके देत म्हणाली, "मी पण. तुम्ही पूजेत होते ना. मी बिस्कीट दिलं. दुधात बुडवून. दोन."

"बिस्कीट?" मिनल म्हणाल्या.

रंभाबाईंनी पदर सारखा केला. पुन्हा सारखा केला. "पोट्टीले काहून बोलता," त्या म्हणाल्या, खरं तर तिला कोणीच बोललं नव्हतं. "मी दहीभात दिला थोडा. यायची आंघोळ लय वेळ चालते."

आता सगळ्यांचे डोळे नत्थूजींकडे लागले. नत्थूजी छताकडे बघत होते.

"नत्थू!" वामनराव म्हणाले.

"पेढा," नत्थूजी म्हणाले. "पुरा नाई. अर्धा. अर्धा मीच खाल्ला."

मिनल यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. त्यांना रागवायचं होतं, हे दिसत होतं. पण तोंड काही सरळ राहीना. "म्हणजे या पेशंटनं उपासाच्या दिवशी दूध, साय, बिस्कीट, दहीभात आणि पेढा खाल्ला. मी लग्नाच्या पंगतीत एवढं खात नाही." मग त्या गंभीर झाल्या. "आजोबा, तुम्ही तुमच्या एकट्याच्या अर्ध्या वाटीमुळे दार वाजवलं. ते वाजवलं नसतं, तर मी भरल्या पोटावर भूल दिली असती. काय झालं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको."

वामनराव तिथंच बाकावर बसले.

"आज नाही. उद्या सकाळी करू," मिनल म्हणाल्या. "आणि तर्री आज इथेच राहील. तुमच्या घरात कोणाला उपाशी ठेवणं जमणार नाही."

नत्थूजी परतीची गाडी सोडून राहिले. रात्री जेवताना रंभाबाई म्हणाल्या, "अर्धी वाटी म्हणाले, मले तर वाटी पुरी धुतलेली दिसली," आणि काजल त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या सकाळी चौघं त्याच बाकावर बसली. या वेळी मिनल यांनी काही विचारलं नाही. दार बंद झालं आणि उघडेना. वामनराव उठले, बसले, भिंतीवरचं पोस्टर वाचलं, पुन्हा उठले. नत्थूजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जा गा भाऊ, चहा पिऊन या."

"इच्छा नाही."

"मलेही नव्हती तेव्हा. तरी पाठवलं होतं तुम्ही."

"जाऊन काही होते काय?" वामनरावांनी विचारलं. इतकी वर्षं सांगत आलो, पण हे आपण कधी कोणाला विचारलंच नाही, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

नत्थूजींनी विचार केला. "काही नाई होत. तिकडेही भेवच वाटते. पण कोणी तरी आपल्याले जा म्हणते, एवढं बरं वाटते."

मग वामनराव चहाला गेले. काजल बरोबर गेली. परत आले तेव्हा कप तसाच भरलेला त्यांच्या हातात होता आणि दार उघडत होतं.

"झालं," मिनल म्हणाल्या. डोक्यावरची टोपी काढताना त्यांचे केस घामानं चिकटलेले दिसले. "काढली. उजवी छान काम करतेय. आणि उठली. मला ओरबाडलं सुद्धा."

त्यांनी मनगट दाखवलं. एवढा सुंदर ओरखडा वामनरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी डोळे पुसले आणि ते काजलनं पाहू नये म्हणून चष्माही पुसला.

आत टेबलावर तर्री टॉवेलात गुंडाळलेली होती. पोटावर पट्टी, गळ्याभोवती प्लास्टिकची कॉलर, आणि डोळे अर्धे मिटलेले. वामनरावांचा आवाज ऐकून तिनं तोंड उघडलं. आवाज काही फुटला नाही. पण काय म्हणायचं होतं, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

"दुपारी एक चमचा पातळ खाणं देऊ," मिनल म्हणाल्या. "एकच."

"कोण देणार?" काजलनं विचारलं.

मिनल यांनी चौघांना नीट निरखून पाहिलं. वामनरावांनी हात पाठीमागे घेतले. रंभाबाईंनी पदरात लपवले. नत्थूजींनी बंडीच्या खिशाचं बटण लावलं. "मी," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सगळे दाराबाहेर."

बाहेर बाकावर बसल्यावर रंभाबाई वामनरावांकडे बघून म्हणाल्या, "यायनं कालपासून अन्नाचा कण नाई घेतला, नत्थूभाऊ. रात्रीही पानावर नुसते बोटं फिरवून राहिले होते. ती उपाशी, म्हणून हेही उपाशी."

"अस्सं?" नत्थूजी म्हणाले. त्यांनी लावलेलं बटण पुन्हा काढलं आणि आतल्या खिशातून तिळाचा लाडू काढला. वामनरावांनी हात पुढे केला, तसा त्यांनी तो मागे घेतला.

"थांबा गा भाऊ. आधी डॉक्टरबाईले विचारतो."

ते खरंच उठले, दारापाशी गेले आणि हळूच टकटक केलं. वामनराव हात पुढे धरूनच बसून राहिले.